पेंटाव्हॅलंटचे पेपर वाचताना: ह्या अभ्यासाला काय दिसू शकलं असतं?

लहान मुलांच्या एकत्रित लशींवरचा कुठलाही चाचणी-अहवाल उघडा. शेवटच्या परिच्छेदात साधारण एकाच अर्थाचं वाक्य भेटतं: लस सुरक्षित आढळली आणि तिचा परिणाम तुलनेच्या लशीपेक्षा कमी नव्हता. आता ह्याच लशींच्या विरोधातला एखादा लेख उघडा. तिथे तितक्याच ठामपणे लिहिलेलं असतं की लशी एकत्र केल्या की परिणाम घटतो आणि धोका वाढतो. दोन्हीकडे आकडे, दोन्हीकडे पी-व्हॅल्यू, दोन्हीकडे अनुभवी डॉक्टर. पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या माणसाने करायचं काय?

मी एकच प्रश्न धरून बसते. निष्कर्ष काय आहे ते नंतर बघू. आधी सांगा, ह्या अभ्यासाला काय दिसू शकलं असतं? म्हणजे लशीत खोट असती, तर ती ह्या पद्धतीने, एवढ्या मुलांत, एवढ्या दिवसांत सापडली असती का? आणि लशीत खोट नसती तरीसुद्धा हाच आकडा आला असता का? प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण विसरतात. आज हा प्रश्न पेंटाव्हॅलंट लशीवरच्या काही कामांना लावून बघू या.

पेंटाव्हॅलंटच का? एक तर ती पुण्याची लस आहे. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते (देशात इतर कंपन्याही बनवतात). आणि तिच्यावर बोट ठेवणारा एक पेपरही पुण्यातल्याच नियतकालिकात छापून आलेला आहे. त्याच्याकडे पुढे येते.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात ह्यांची जुनी त्रिगुणी लस, तिच्यात हिपॅटायटिस बी आणि हिब मिळवली की झाली पेंटाव्हॅलंट. हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी. नावात इन्फ्लुएंझा असला तरी फ्लूशी त्याचा संबंध नाही. हा जिवाणू लहान मुलांना मेंदुज्वर आणि न्यूमोनिया करतो. आपल्याकडे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना. सरकारी कार्यक्रमात ती डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडूत आली, मग टप्प्याटप्प्याने बाकी राज्यांत. पण त्याआधीच, २००९ साली, तिच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. श्रीलंकेने २००८ मध्ये काही बाळांच्या मृत्यूनंतर लस थांबवून २०१० मध्ये परत सुरू केली. भूतानने २००९ मध्ये थांबवून २०११ मध्ये. तेव्हा शंका घेणारे सगळे उगाच ओरडत होते असं समजू नका. प्रश्न खरा होता.

'पाचही लशी आधीच तपासलेल्या आहेत, मग एका बाटलीत भरल्या म्हणून परत चाचणी कशाला?' हा प्रश्न व्हायव्हामध्ये येऊ शकतो. उत्तर असं की लशींची बेरीज सरळ होत नाही. थायोमर्सल हे जुन्या लशींमधलं ओळखीचं संरक्षक द्रव्य. पण पोलिओच्या इंजेक्शनची लस त्याच्या सहवासात खराब होते, म्हणून पाचाच्या सहा करताना संरक्षकच बदलावं लागतं. बाटलीत हे होतं, आणि शरीरात गेल्यावरही घटक एकमेकांच्या परिणामात ढवळाढवळ करतात.

ह्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथे १९९२ मध्ये हिबची लस आली आणि आजार झपाट्याने कमी झाला. १९९९-२००० च्या सुमारास नेहमीच्या एकत्रित लशीचा तुटवडा पडला म्हणून वेगळी एकत्रित लस वापरली गेली, जिच्यात डांग्या खोकल्याचा घटक 'असेल्युलर', म्हणजे अख्ख्या जिवाणूऐवजी त्याची निवडक प्रथिनं असलेला होता. अशा मिश्रणात हिबचे प्रतिपिंड कमी तयार होतात हे चाचण्यांत आधीच दिसलं होतं. पण बहुतेक मुलं संरक्षणाच्या रेषेच्या वर असल्याने हा फरक व्यवहारात महत्त्वाचा नाही, असं मानलं गेलं. मग हिबचे रुग्ण परत वाढू लागले. लस घेऊनही आजारी पडलेल्या मुलांचा केस-कंट्रोल अभ्यास झाला, त्यात ह्या मिश्रणाशी संबंध दिसला आणि २००३ मध्ये लहान मुलांना हिबचा जादा डोस देण्याची मोहीम काढावी लागली. कारण एकच नव्हतं. ब्रिटनच्या वेळापत्रकात तेव्हा हिबचा बूस्टर नव्हता, हेही एक कारण.

आता लगेच 'बघा, एकत्रित लशी फसव्या' असा निष्कर्ष काढू नका. आपल्या सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याचा घटक अख्ख्या जिवाणूचा आहे, आणि हिबच्या प्रतिपिंडांतली ही घट मुख्यतः असेल्युलर मिश्रणांची गोष्ट आहे. ब्रिटनकडून घ्यायचं ते वेगळंच. चाचणीला फरक दिसला होता. तो महत्त्वाचा आहे की नाही हे सांगण्याची क्षमता त्या चाचणीत नव्हती, कारण ती रक्त मोजत होती, आजार नाही.

इथे 'कमी नाही' ह्या शब्दांपाशी थांबायला हवं. ह्या चाचण्या नॉन-इन्फेरिऑरिटी प्रकारच्या असतात. नवी लस जुनीपेक्षा किती कमी पडली तरी चालेल हे आधी ठरवायचं (बऱ्याचदा १० टक्के-गुण), आणि फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल त्या रेषेच्या आत राहिला की लस पास. मी एक काल्पनिक उदाहरण देते. जुन्या लशीने ९६ टक्के मुलं संरक्षणाच्या रेषेवर गेली, नव्या लशीने ९१.५ टक्के. फरक उणे ४.५, इंटरव्हल उणे ८ ते उणे १. शून्य ह्या इंटरव्हलमध्ये नाही, म्हणजे नवी लस संख्याशास्त्रीय दृष्ट्या नक्की कमी आहे. उणे १० सुद्धा इंटरव्हलमध्ये नाही, म्हणजे ती 'कमी नाही' म्हणून पासही झाली. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी! लशीचा समर्थक दुसरं छापेल, विरोधक पहिलं. तुम्ही मार्जिन कुठे ठेवलंय आणि का, ते पद्धतीच्या भागात शोधा. 'का' बऱ्याचदा सापडत नाही.

आणि ही 'संरक्षणाची रेषा' तरी काय? हिपॅटायटिस बीसाठी मिलिलिटरमागे १० मिलि-इंटरनॅशनल युनिट. हिबसाठी दोन रेषा: तात्पुरत्या संरक्षणाला ०.१५ मायक्रोग्रॅम, दीर्घकाळाच्या संरक्षणाला १ मायक्रोग्रॅम. पेपरात ०.१५ ची टक्केवारी ठळक असेल आणि १ ची तक्त्यात खाली दडलेली असेल, तर आधी तक्ता वाचा. डांग्या खोकल्यासाठी मात्र सर्वमान्य रेषाच नाही. पाचातल्या एका आजाराबाबत रक्तातला आकडा आणि संरक्षण ह्यांचं नातं पक्कं माहीत नाही, तरीही 'प्रतिसाद दिलेली मुलं' असा रकाना भरलेला दिसतो. तो रकाना खोटा नसतो. पण त्याच्या शेजारच्या धनुर्वाताच्या रकान्याइतकं त्याचं वजन नाही, आणि तक्त्यात दोन्ही एकाच फॉन्टमध्ये असतात.

आता कॉक्रेनचा आढावा. २००९ साली पहिला, २०१२ साली सुधारलेला. आपल्याकडच्या वादात दोन्ही बाजूंना सोयीचा ठरावा असा. २०१२ च्या आवृत्तीत २० अभ्यास आहेत, प्रतिकारशक्तीच्या विश्लेषणात ५,८७४ मुलं. निष्कर्ष असा की एकत्रित लस वेगळ्या टोचलेल्या लशींपेक्षा भिन्न आहे की समान, हे सांगता येत नाही. हिब आणि धनुर्वाताचा प्रतिसाद एकत्रित लशीत कमी, टोचल्या जागी दुखणं-लाल होणं जास्त. पण हे फरक मुख्यतः एकेका अभ्यासावर टेकलेले. आजार टळतो का, ह्यावर एकाही अभ्यासात माहिती नाही.

विरोधक ह्यातलं 'प्रतिसाद कमी' उचलू शकतात, समर्थक 'अनिर्णित' उचलू शकतात. माझी तक्रार दोघांकडेही आहे, आणि थोडी आढाव्याकडेही. शीर्षक नीट वाचा. तुलना पेंटाव्हॅलंट विरुद्ध पाच वेगळ्या सुया अशी नाहीच. एका बाजूला पाच घटक एकत्र, दुसऱ्या बाजूला चार घटकांची एकत्रित लस आणि हिबची वेगळी सुई. म्हणजे तुलनेचा गटसुद्धा एकत्रित लशीचाच आहे! 'पाच एकत्र केल्याने काय होतं' हा प्रश्न ह्या आढाव्याला विचारताच येत नाही. 'चारात हिब मिसळल्याने काय होतं' एवढाच विचारता येतो. शिवाय अख्ख्या जिवाणूच्या आणि असेल्युलर अशा दोन्ही लशी त्यात आहेत, आणि ब्रिटनची गोष्ट वाचल्यावर ह्यांना एका ढिगात घालणं किती अडचणीचं आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. अभ्यासांनी इन्टेन्शन-टु-ट्रीट विश्लेषण केलं नाही ही आढाव्याची तक्रार मला अर्धीच पटते. नॉन-इन्फेरिऑरिटी चाचणीत डोस चुकलेली मुलंही धरली, तर दोन्ही गट एकमेकांसारखे दिसू लागतात आणि वाईट लस पास होण्याची शक्यता वाढते. म्हणून इथे दोन्ही विश्लेषणं हवीत. एमएस्सीला शिकवलेला 'इन्टेन्शन-टु-ट्रीट म्हणजे कडक' हा नियम इथे उलटा पडतो, हे लक्षात ठेवा. पेटला प्रश्न येण्यासारखा आहे.

'आजाराविरुद्ध कधी तपासलीच नाही' हेही पूर्ण खरं नाही. गॅम्बियात ४२,८४८ बाळांवर झालेली चाचणी १९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. तिथे हिबची लस त्रिगुणीत मिसळून एकाच सुईने दिली होती. तुलनेला नुसती त्रिगुणी. हिबच्या गंभीर आजाराविरुद्ध परिणामकारकता ९५ टक्के, आणि एक्स-रेवर दिसणाऱ्या न्यूमोनियात साधारण २१ टक्के घट. म्हणजे चार घटकांच्या मिश्रणातली हिब, आजार टाळण्याच्या कसोटीवर उतरलेली. अशी चाचणी आज पेंटाव्हॅलंटसाठी परत करता येईल का? नाही. कुठल्या बाळांना हिबची लस नाकारणार? एकदा लस चालते हे कळलं की नंतरच्या प्रत्येक लशीला रक्तावरच भागवावं लागतं. ही अडचण नैतिक कारणाने आलेली आहे, आळसाने नाही. पण म्हणून ती अडचण राहत नाही असं नव्हे.

रक्ताची दुसरी मर्यादा वेळेची. चाचणीत नमुना साधारण तिसऱ्या डोसनंतर महिनाभरात घेतात, तेव्हा प्रतिपिंड शिखरावर असतात. पुढे काय? सीरमच्या संशोधकांचं २०१३ साली 'व्हॅक्सिन'मध्ये आलेलं काम ह्यासाठी मुद्दाम वाचा. दोन पेंटाव्हॅलंट लशी घेतलेल्या मुलांमध्ये १५ ते १८ महिन्यांपर्यंत प्रतिपिंड किती टिकले आणि बूस्टरला प्रतिसाद कसा आला, हे त्यात तपासलं आहे. असा पाठपुरावा करणं खर्चिक आणि कटकटीचं असतं, तो केला हे चांगलंच. पण बूस्टर कुठला दिला बघा: त्रिगुणी अधिक हिब, अशी चार घटकांची लस. आपल्या सरकारी वेळापत्रकात १६ ते २४ महिन्यांना जो बूस्टर मिळतो तो नुसत्या त्रिगुणीचा. हिबचा बूस्टर त्यात नाही. खासगी डॉक्टरकडे जाणाऱ्या मुलाला तो मिळू शकतो, महापालिकेच्या दवाखान्यात जाणाऱ्याला नाही. तेव्हा बूस्टरनंतरचे हिबचे आकडे कितीही छान असोत, अभ्यासातलं मूल आणि दवाखान्यातलं मूल ह्या ठिकाणी एक नाही. ब्रिटनला धडा मिळाला तो नेमका हिबच्या बूस्टरचा होता.

आता सुरक्षितता. इथे सोपी गणितं करायला शिका, फार उपयोगी पडतात. एक म्हणजे 'तीनाचा नियम': न मुलांत एकही गंभीर घटना घडली नाही, तर खरा धोका ९५ टक्के खात्रीने ३ भागिले न पेक्षा कमी आहे, एवढंच म्हणता येतं. ३०० मुलांत शून्य घटना म्हणजे धोका १०० मध्ये १ पेक्षा कमी. एवढंच! १९८१ साली कॉडी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्रिगुणीच्या १५,७५२ डोसांचा अभ्यास छापला. त्यात ९ वेळा झटके आणि ९ वेळा बाळ अचानक लुळं पडून प्रतिसाद न देण्याचा प्रकार दिसला, म्हणजे प्रत्येकी साधारण १,७५० डोसांत एकदा. हा प्रकार निदान एकदा दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर सव्वापाच हजारांच्या आसपास डोस लागतात. म्हणून काहीशे मुलांच्या पेपरातलं 'सुरक्षित आढळली' हे वाक्य ताप, सूज, रडणं ह्यांच्यापुरतं वाचा. मृत्यूबद्दल ते काहीच बोलत नाही, बोलू शकत नाही.

आणि वाद मृत्यूचाच होता. पुण्याच्या डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ जेकब पुलियेल आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. लसीकरणानंतरच्या मृत्यूंच्या सरकारी नोंदी घेऊन त्यांनी दाखवलं की त्रिगुणीच्या तुलनेत पेंटाव्हॅलंटनंतर ७२ तासांत नोंदले गेलेले मृत्यू सुमारे दुप्पट आहेत. दहा लाखांमागे ४.७ जास्त. दुप्पट आणि फरक ४.७, म्हणजे ढोबळमानाने पाच विरुद्ध दहा.

आपला प्रश्न लावा, विशेषतः त्याचा दुसरा अर्धा भाग. लशीत काहीही खोट नसती, तर किती मृत्यू दिसायला हवे होते? नमुना नोंदणी पद्धतीप्रमाणे २०१३ साली भारताचा अर्भकमृत्यू दर ४० होता, नवजात मृत्यू दर २८. म्हणजे हजारांत १२ बाळं पहिल्या महिन्यानंतर आणि वाढदिवसाआधी दगावत होती. दहा लाखांत १२,०००, साधारण ३३७ दिवसांत. दिवसाला ३६. तीन दिवसांत १०७. म्हणजे लशीचा काहीही संबंध नसताना, कुठल्याही तीन दिवसांत, दहा लाख बाळांमागे शंभरेक मृत्यू अपेक्षित होते. आजारी बाळाला लस पुढे ढकलतात, म्हणून निम्मे धरा: पन्नास. नोंद झाली पाच किंवा दहाची.

म्हणजे नोंदवहीत येत होता तो मृत्यूंचा छोटासा हिस्सा. नवी, वादग्रस्त, पेपरात गाजलेली लस असेल तर आशाताई, सिस्टर, वैद्यकीय अधिकारी सगळे जास्त जागरूक असतात. नोंदीचं प्रमाण दहात एकावरून दहात दोनावर गेलं तरी मृत्यू 'दुप्पट' होतात, एकही बाळ जास्त न दगावता. लेखकांनी शीर्षकातच ह्याला 'शोधक' विश्लेषण म्हटलं आहे आणि ते योग्य आहे. पुढे पसरवणाऱ्यांनी तो शब्द गाळला.

पण थांबा, हीच तलवार उलटीही चालते. नोंदच एवढी तोकडी असेल तर 'सरकारी नोंदींत धोका दिसला नाही' ह्या वाक्याचीही किंमत तेवढीच. पेपर कमकुवत आहे म्हणून लस निर्दोष ठरत नाही. ती वही कुठल्याच बाजूने साक्ष द्यायच्या लायकीची नाही. मला विचाराल तर बाळाला लस जरूर द्या, गॅम्बियाचा आकडा त्यासाठी पुरेसा आहे. पण राज्याराज्यांत लस टप्प्याटप्प्याने येत होती, काही राज्यांत पेंटाव्हॅलंट आणि काही राज्यांत अजून त्रिगुणी, अशी आयती तुलना हातात होती. तेव्हा नुसते 'नोंदवलेले' मृत्यू न मोजता सगळे अर्भकमृत्यू लसीकरणाच्या तारखेशी जोडून पाहायला हवे होते. ती संधी वाया घालवली, असं माझं मत आहे.

'मग वढूला करा की,' असं तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल. केईएम हॉस्पिटल संशोधन केंद्राची वढूची पाहणी खरंच उत्तम आहे: शिरूर-हवेली भागातली २२ गावं, २००२ पासून, घरोघरचे जन्म-मृत्यू नोंदवलेले. पण गणित करा. लोकसंख्या एक लाख धरली आणि जन्मदर हजारी १६, तर वर्षाला १,६०० बाळं, तीन डोस धरून ४,८०० डोस. दहा लाखांमागे शंभर ह्या हिशोबाने, डोसनंतरच्या तीन दिवसांत योगायोगाने होणारे मृत्यू वर्षाला अर्धा. दुप्पट झाले तरी एक. वीस वर्षं बसलात तरी उत्तर डळमळीतच येईल. नोंद चोख आहे, पण आकार पुरत नाही. सरकारी वहीचं नेमकं उलट.

ह्यावर वापरता येणारी एक पद्धत आहे, सेल्फ-कंट्रोल्ड केस सिरीज. संख्याशास्त्रज्ञ पॅडी फॅरिंग्टन ह्यांनी नव्वदच्या दशकात ती लशींसाठीच मांडली. त्यात लस घेतलेलं आणि न घेतलेलं मूल अशी तुलना नसते. त्याच मुलाचे लशीनंतरचे काही दिवस आणि त्याचेच बाकीचे दिवस ह्यांची असते. त्यामुळे गरिबी, आईचं शिक्षण, दवाखान्याचं अंतर हे सगळं आपोआप कटतं. झटक्यांसाठी ती छान बसते. मृत्यूसाठी अडचण अशी की मृत्यूनंतर 'बाकीचे दिवस' उरतच नाहीत, म्हणून पद्धतीत बदल करावे लागतात. ते बदल झालेले आहेत, पण गृहीतकं कडक आहेत.

हे सगळं आता परत समोर येणार आहे, कारण सहा घटकांची लस आली आहे. सीरमच्या हेक्सासिलमध्ये पाचाच्या जोडीला पोलिओची इंजेक्शनची लस आहे, आणि २०२५ साली सेनेगल आणि मॉरिटानियाने सहा-एक लस आपल्या कार्यक्रमात घेतली. तिचे चाचणी-अहवाल वाचाल तेव्हा तुलनेचा गट, मार्जिन, हिबची १ मायक्रोग्रॅमची ओळ आणि बूस्टरमध्ये काय दिलं, एवढं आधी शोधा, सारांश नंतर वाचा. आणि ज्यांचा सिनॉप्सिसचा विषय अजून ठरलेला नाही त्यांच्यासाठी: यू-विनवर लसीकरणाच्या तारखा मुलागणिक साठतायत, जन्म-मृत्यू नोंदणी वेगळ्या खात्यात आहे. एका जिल्ह्यात ह्या दोन नोंदी किती टक्के मुलांसाठी जुळवता येतात, एवढाच प्रश्न घेतलात तरी पीएचडीचं काम आहे. परवानग्यांना वर्ष जाईल, ते धरून चाला.